बिनविरोध यादीतलं माझं नाव

पत्राचा गोषवारा (नाव, गल्ली आणि ओळख पटेल असे तपशील गाळून):

पत्रलेखिका बेळगावच्या एका जुन्या वस्तीत राहतात. वय ३४, शिक्षण दहावी, घरी शिवणकाम. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. थोरली मुलगी जवळच्या सरकारी मराठी शाळेत पाचवीला, धाकटा इंग्रजी माध्यमाच्या केजीत. शाळा पहिली ते सातवी, पट १०४. त्याच आवारात कन्नड शाळाही भरते. शाळा सुधारणा समितीची, म्हणजे एसडीएमसीची, मुदत संपलीय आणि पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पालकांची सभा आहे. गल्लीतल्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी (सगळे त्यांना तात्या म्हणतात) बिनविरोध यादी आधीच तयार केलीय. बायकांच्या जागेवर पत्रलेखिकेचं नाव त्यांना न विचारता घातलंय. "तुला काही करायचं नाही, फक्त सही." दुसरीकडे महापालिकेला उभं राहायची तयारी करणारा एक तरुण म्हणतोय, "विरोधात पॅनेल काढू, अध्यक्ष तुम्हीच." सासूबाई म्हणतात, "कशाला पाहिजे गे तुला हे लचांड?" आणि तात्यांचं म्हणणं असं, की मराठी शाळेत आपल्या आपल्यातच मतदान लागलं तर हसं होईल, शाळा बंद पाडायला निमित्त मिळेल. गप्प राहून सही करू, नाव काढून घेऊ, की विरोधात उभी राहू, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं. पहिल्या तीन पानांत तात्या, यादी, तो तरुण, सासूबाई, गल्ली. आणि चौथ्या पानाच्या तळाशी, ता. क. म्हणून एक ओळ: मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते, आणि माझी मुलगी म्हणून शाळेत पाणीच पीत नाही. मला विचाराल तर पत्र तिथून सुरू व्हायला हवं होतं. त्या ओळीकडे मी पुन्हा येणार आहे.

आधी तात्या. त्यांच्याबद्दल तुम्ही रागानं लिहिलंय आणि न विचारता नाव घातल्याचा राग यावा हे बरोबरच आहे. पण याच तात्यांनी शाळेच्या दोन खोल्यांची कौलं बदलायला घरोघर फिरून वर्गणी गोळा केली होती, हेही तुमच्याच पत्रात आहे. त्यांची भीती उगाच आलेली नाही. आपल्याकडे नुसतं 'समिती' म्हटलं की शाळेची नव्हे, ती दुसरी, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून झगडणारी महाराष्ट्र एकीकरण समिती डोळ्यांसमोर येते. २०१३ ला तिचे दोन आमदार निवडून आले होते. २०१८ ला दोन गट एकमेकांसमोर उभे राहिले आणि एकही आला नाही. ज्यांनी आयुष्यभर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळला, हुतात्मा चौकात १७ जानेवारीला फुलं वाहिली, त्यांना ते किती लागलं असेल याची आपल्याला कल्पना आहे. तेव्हापासून 'विरोधात' हा शब्द कानावर पडला तरी त्यांना फूट दिसते.

तरी तात्यांची इथं गल्लत होतेय. विधानसभेला आपली मतं फुटली की तिसरा निवडून येतो. शाळेच्या सतरंजीवर हा तिसरा आहे कोण? उभा राहणारा प्रत्येकजण त्याच शाळेतल्या मुलांचा बाप किंवा आई. तुम्ही जिंकलात काय, शेजारच्या बाई जिंकल्या काय, समिती मराठी शाळेच्या पालकांचीच राहणार. तेव्हा फुटीची भीती इथं लागू होत नाही. ती दुसऱ्या निवडणुकीतून उचलून आणलेली आहे.

शाळा बंद पडण्याचं म्हणाल, तर शाळा भांडणानं बंद पडत नाही, पटानं पडते. तात्यांना जुने दाखले आवडतात, म्हणून एक त्यांच्यासाठी. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं, की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं वेगळ्या मातृभाषेची असतील तर त्यांना प्राथमिक शिक्षण त्या भाषेत द्यावं. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ३५० अ हे कलम आलं आणि मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची सोय करणं राज्यांवर आलं. म्हणजे आपला हक्क पहिल्यापासूनच मुलं मोजून चालत आलाय. आणि आजचा हिशेब त्याहून जवळचा आहे. समग्र शिक्षा योजनेत १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, १०० पर्यंत पट असेल तर २५,००० पर्यंत. तुमचा पट १०४. चार मुलं गेली की अनुदान निम्म्यावर येणार. ती चार मुलं मतदान झालं म्हणून जातील, की मुलीला दिवसभर पाणी न पिता बसावं लागतं म्हणून, हे तात्यांना एकदा शांतपणे विचारा. चारचौघांत नको, त्यांच्या घरी जाऊन, चहा घेताना.

आता 'फक्त सही'.

माझी थोरली लहान होती तेव्हा मीही अशीच एका शाळेच्या समितीत होते. बायकांत कुणी हवं होतं, मी हो म्हटलं. शिपाई रजिस्टर घेऊन घरी यायचा, मी गॅस बारीक करून, पदराला हात पुसून सही करायचे. एकदा सहीच्या वरचं अर्धं पान कोरं होतं. "नंतर लिहितो म्हणालेत सर," म्हणाला. वर्षभरानं कुणीतरी विचारलं, पाण्याच्या टाकीचे पैसे दोनदा कसे निघाले? त्या पानावर ठराव होता आणि सूचक म्हणून माझं नाव. टाकी एकच होती. ती लबाडी होती की नुसता गोंधळ, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि खरी लाज त्याचीच वाटते: माझं नाव होतं आणि मला काही माहीत नव्हतं.

म्हणून सांगते, की ज्या जागेवर तुम्हाला बसवतायत ती शोभेची नाही. २००१ साली राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालच्या कृती दलाच्या शिफारशीवरून कर्नाटकानं या समित्या आणल्या, त्या मुळात पालकांनी आपल्यातून निवडायच्या म्हणूनच. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याचं २१ वं कलम म्हणतं, की समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, आणि दुर्बल, वंचित घरच्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. निम्म्या, ताई! तात्यांच्या यादीत तुम्ही धरून तीनच बायका आहेत असं तुम्ही लिहिलंय. मग ती यादी बिनविरोध असो की विरोधासकट, आधी कायद्यातच बसत नाही. समितीनं शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते बघायचं. संडासाची कडी या तिन्हींत येते.

त्या तरुणाबद्दल थोडक्यात. २०२१ ला बेळगाव महापालिकेच्या ५८ प्रभागांची निवडणूक पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हांवर झाली, तेव्हापासून प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी तिकिटाच्या रांगेत उभा आहे. तो मनानं चांगलाही असेल. पण त्याचं मूल या शाळेत आहे का? नसेल तर पॅनेल त्याचं कसं? तुमच्या नावावर त्याला गल्लीत पाया घालायचाय. तात्यांना सही हवी आहे आणि याला चेहरा. गंमत म्हणजे दोघांपैकी एकालाही, तुमच्या पत्रावरून तरी, कडीचं माहीत नाही.

अध्यक्षपदाचा मोह मात्र सोडा. राग मानू नका, पत्रात दोन ठिकाणी तुम्ही 'अध्यक्ष झाले तर' असं लिहिलंय. अध्यक्ष झालात की ध्वजवंदनाला खुर्ची, शाल आणि प्रत्येकाची तक्रार. मुख्याध्यापकांबरोबर अनुदानाच्या कागदांवर सह्या करायच्या, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला खेटे घालायचे. पहिल्याच वर्षी, शिवणाच्या ऑर्डरी सांभाळून, हे झेपेल का याचा विचार करा. साधी सदस्य रजिस्टर उघडून वाचू शकते, प्रश्न विचारू शकते, आपलं म्हणणं लिहून घ्यायला लावू शकते. सध्या तुमच्या शाळेला तेवढ्याचीच वानवा दिसते.

मग धाकट्याचा प्रश्न. 'माझा मुलगा इंग्रजीत, मी मराठी शाळेवर कोणत्या तोंडानं बोलू' असं तुम्ही विचारलंय, आणि मला वाटतं तुम्हाला खरं अडवणारं हेच आहे. कायद्याचं उत्तर सोपं: मूल त्या शाळेत असलं की तुम्ही पालक, तुमची मुलगी तिथं आहे. मनाचं उत्तर मात्र तुम्हालाच शोधावं लागेल. मी एवढंच विचारते, धाकट्याला तिकडे का घातलं? इंग्रजीच्या ओढीनं, की थोरलीची शाळा बघून? दुसरं कारण असेल तर सभेत तेच सांगा. "माझ्या मुलाला इथं का घातलं नाही, ते सांगते" असं म्हणून बोलायला लागलात तर समोर बसलेल्या निम्म्या बायकांच्या घरची तीच गोष्ट निघेल. गल्लीत कुणाचं एक मूल इकडे, एक तिकडे नाही? व्हॅनच्या हप्त्यासाठी पिग्मी भरणाऱ्या बायका काय हौसेनं भरतात?

'मला कन्नड वाचता येत नाही, परिपत्रकं सगळी कन्नडमधून येतात' ही तुमची अडचण मात्र खरी आहे. सीमाभागातल्या पालकांची ती जुनीच तक्रार आहे. कागद मराठीत मिळावा ही मागणी चालू राहू दे, ती रास्त आहे. पण शनिवारपर्यंत ती पुरी होणार नाही. तोवर दोन गोष्टी करता येतात. मुख्याध्यापक बाईंना कन्नड येतं. सभेत परिपत्रक मराठीत वाचून सांगा म्हणावं आणि 'मराठीत वाचून दाखवले' एवढं रजिस्टरात लिहायला लावावं. दुसरं, तुमची लेक पाचवीत आहे, शाळेत कन्नड शिकते. एक परिपत्रक तिच्यासमोर ठेवा. सगळे शब्द कळणार नाहीत, पण अक्षरं लावत ती वाचेल, तुम्ही ऐकाल, आकडे आणि तारखा तर कळतीलच. सासूबाईंना येत असेल तर आणखी उत्तम. आपल्या जुन्या बायकांना बाजाराचं कन्नड फर्डं येतं, फक्त त्या सांगत नाहीत!

आता तुमच्या तीन वाटा. नाव काढून घेतलंत तर यादीत दुसरी कुणीतरी येईल आणि तिलाही हेच सांगितलं जाईल, फक्त सही. गप्प सही केलीत तर माझ्या टाकीसारखं होईल. त्या तरुणाचं पॅनेल घेतलंत तर शाळेची निवडणूक प्रभागाची होईल आणि तात्यांची भीती खरी ठरेल. मी तुमच्या जागी असते तर नाव राहू दिलं असतं आणि बिनविरोध मोडलं असतं. म्हणजे असं:

शनिवारच्या आधी पाच-सहा आयांना भेटा. तुमच्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्यांतच निम्म्या सापडतील. त्यांना फक्त विचारा, सभेला येणार का आणि समितीत यायला तयार आहात का. सभा भरते तेव्हा पुरुष कामावर असतात, सतरंजीवर बायका असतात आणि खुर्च्यांवर मात्र गल्लीतले बाप्ये, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे सभा तुमचीच आहे.

सभेत तात्या यादी वाचतील. वाचू द्या. मग उठून दोनच गोष्टी विचारा. एक, यादीतल्या प्रत्येकाचं मूल आज या शाळेच्या पटावर आहे का? हजेरीपट कपाटात असतो, पाच मिनिटांचं काम. (तुम्ही लिहिलेल्या एका गृहस्थांचा मुलगा सातवी होऊन गेला, ते नाव तिथंच गळेल, तुम्हाला बोट दाखवावं लागणार नाही.) दोन, निम्म्या बायका कुठे आहेत? आणि मग तयार असलेल्या आयांची नावं घ्या. जागांपेक्षा नावं जास्त झाली तर चिठ्ठ्या टाकू म्हणा. वहीची पानं फाडायची, खडूचा रिकामा डबा मतपेटी. हात वर करून मतदान नको. ज्या बाईचा नवरा तात्यांच्या ओळखीनं कामाला लागलाय तिचा हात कसा वर होईल?

आणि तात्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. सभेत धक्का देऊ नका. "तात्या, मी यादीतच आहे, पण बायका वाढवायला लागतील, कायदा आहे" असं म्हणालात की त्यांना माघार घ्यायला वाट राहील. कदाचित ते स्वतःच म्हणतील, हे मी सुचवणारच होतो. म्हणू द्या.

समितीत आलात की पहिल्या बैठकीत मागच्या वर्षीचा अनुदानाचा हिशेब मागा, आणि शिक्षकांची मोजणी करा. कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुलांना दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. सहावीपासून पुढे प्रत्येक वर्गाला किमान एक, आणि गणित-विज्ञान, समाजशास्त्र, भाषा यांना एकेक. तुमच्याकडे सात वर्गांना चार शिक्षक, त्यातले एक अतिथी शिक्षक. कमी आहेत, हे समितीनं ठराव करून बीईओंना लिहायचं असतं. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. कोऱ्या पानावर सही नाही, हे पहिल्याच दिवशी हसत हसत सांगून टाका. नंतर सांगितलंत की संशय घेतला असं होतं. लेखी तक्रारीचा रस्ता कायद्याच्या ३२ व्या कलमात आहे, तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. माहितीच्या अधिकारात ३० दिवसांत उत्तर मिळतं. पण ते शेवटी. ज्या बाई तुमच्या मुलीला रोज शिकवतात त्यांच्यावर पहिल्याच महिन्यात अर्ज टाकू नये.

आवारातल्या कन्नड शाळेच्या समितीतही निम्म्या आयाच असणार. नळ एक, फाटक एक, पावसाळ्यात चिखल एक. त्यांच्यातल्या एखादीशी ओळख काढा. संडासाचं काम दोन्ही शाळांनी मिळून मागितलं तर बीईओ ऑफिसला ते 'मराठीवाल्यांची कटकट' म्हणून बाजूला ठेवणं अवघड जाईल. हे तात्यांना आवडणार नाही कदाचित. त्यांना लगेच सांगायलाच हवं असंही नाही.

खानापूर तालुक्यातून आणि निपाणीकडूनही मला अशी पत्रं येतात, पण तिथं प्रश्न उलटा असतो: पट पंधरा-वीस, समितीत यायलाच कुणी तयार नाही, मुख्याध्यापक घरोघर फिरून नावं लिहून घेतात. अशा ठिकाणच्या वाचकांना एवढंच सांगेन, नाव द्यायला हरकत नाही, पण बैठकीची तारीख तुमच्या सोयीनं ठरवून घ्या. रोपलावणीच्या दिवसांत दुपारी तीनला सभा लावली तर कोण येणार? संध्याकाळी देवळात घ्या, पण घ्या, आणि रजिस्टर तिथं न्या.

राहिली कडी. ती निवडणुकीपर्यंत थांबवू नका. तिला ठराव लागत नाही, अनुदान लागत नाही. उद्या बाजारात जाल तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून एक लोखंडी कडी आणि चार स्क्रू घ्या, नवऱ्याला रविवारी अर्धा तास मागा. फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाला ते काही जड नाही. बाईंना आधी विचारा, त्या नाही म्हणणार नाहीत. आणि सोमवारी लेकीच्या दप्तरात पाण्याची बाटली भरून ठेवा, संध्याकाळी ती किती रिकामी झाली ते बघा. ते मला नक्की कळवा.